हातगुण

॥ श्री येमाई प्रसन्न ॥

मांडवगण फराटा
दि. २० नोव्हेंबर २०२३

चिरंजीव भिमाजी यास रतनअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भाऊबीजेला आला नाहीस, आणि का आला नाहीस ते पत्रात लिहिलंस, पण वाचता येईल तर शप्पथ. अरे, अक्षर आहे की मुंग्यांची रांग? रेल्वेत फिटर होतास तेव्हा तुझं एकेक अक्षर लिंबाएवढं असायचं. पेन्शनीत कागद परवडेनासा झाला काय? शेवटी सत्यजीतच्या अपेक्षानं तिच्या शाळेतलं भिंग आणलं तेव्हा कुठं कळलं की तुला सर्दी होती. सर्दीनं भाऊबीज चुकवणारा तूच पहिला. ओवाळायचं ताट तसंच देवापुढं ठेवलं.

फोन करत जाऊ नकोस. सत्यजीत फोन माझ्यापुढं धरतो, तुझं तोंड हलताना दिसतं, पण एवढ्याशा काचेत मला ओठ वाचता येत नाहीत. बारा वर्षांपूर्वी तापात कान गेले, आता माझ्याशी बोलायचं तर समोर बसायचं नाहीतर कागदावर लिहायचं. दौंड काय लांब नाही, पण तुझं पत्र पुण्याला फिरून येतं बहुतेक.

आता गाडीचं. मागच्या उन्हाळ्यात तू टेम्पोत घालून नेलीस तेव्हा सत्यजीत हसला होता. तो तर भंगारवाल्याला बोलावून बसला होता. म्हणत होता की आई, डुकराला सोन्याचा साज चढवून मामाला काय मिळणार हाय. त्याच्या वडिलांची गाडी, आणि हा असं बोलतो. हे होते तोवर आपली डुक्कर फियाट दारातून निघाली की पोरं मागं धावायची. नऊ वर्षं कडब्याच्या शेडमध्ये उंदरांनी तिच्या गाद्या कुरतडल्या.

तुला हवं ते नवं बसव. तुझा सुमित व्हिडिओ दाखवतो त्या परदेशी गाड्यांसारखी कर. त्याला काय म्हणतात ते, हॉट रॉड, तसली कर. माझी एकच गोष्ट ऐक. तिची थरथर राहू दे. कान गेल्यावर मी गाडी हातानंच ऐकायची. यांनी गाडी चालू केली की मी पुढच्या पत्र्यावर तळवा टेकायची, आणि थरथर आली की मान हलवायची. मगच हे गाडी काढायचे.

आणि कवठ्याला जायचं विसरला नाहीस ना? येमाईची ओटी भरायची राहिली आहे. हे गेले त्यांच्या दहाव्याला तू घाटावर माझ्यासमोर बसून बोलला होतास, की अक्का, त्याच गाडीतून मी नेईन. मी दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून माहेरच्या देवीला जाणार नाही. उत्तर धाड, आणि माणसाला वाचता येईल असं धाड.

तुझी,
रतनअक्का

॥ श्री ॥

दौंड
दि. ११ डिसेंबर २०२३

तीर्थस्वरूप अक्काच्या पायी भिमाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

अक्षराचं मनावर घेऊ नकोस. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि शेडमध्ये उजेड कमी. यावेळी मोठं लिहायचा प्रयत्न करतोय. पहिल्या चार ओळी बऱ्या येतात, पुढं हात आपोआप आखडता येतो.

गाडीचं ऐक. मागून ट्रकनं ठोकलेली एक नवी गाडी मिळाली, तिचं इंजिन बिनओरखड्याचं होतं. ते आपल्या डुकराच्या पोटात बसवलं. बसता बसत नव्हतं, तीन आठवडे घासाघीस केली. पाच गिअर. पूर्वीचा दांडा स्टिअरिंगला होता, आता खाली दोघांच्या मध्ये आला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घातले. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. मारुतराव दाजींना वळण घेताना अंग टाकावं लागायचं, आठवतं? एसीसुद्धा बसवलाय, तुझा पदर उडणार नाही. दिव्यांच्या काचा जुन्याच, आत दिवे नवे. रंग तोच, दुधात नीळ टाकल्यासारखा. डॅशबोर्डचा पत्रा मी बदलला नाही, तुझा तळवा जिथं टेकायचा तिथला रंग उडालाय तोही तसाच ठेवलाय. सुमित म्हणतो की आप्पा, गॅरेजवाल्याला द्या ना. मी म्हणालो आपला हात जगन्नाथ.

थरथरीचं मात्र तू वेड्यासारखं बोलतेस. अक्का, थरथर हे दुखणं असतं, गाडीचं असो की माणसाचं. बत्तीस वर्षं रेल्वेत मी थरथर काढायचीच नोकरी केली. तुझ्यासाठी इंजिनाखाली फाउंडेशनचे नवे रबर बसवलेत, एकदम मऊ. तुला पाळण्यात बसल्यासारखं वाटेल.

तुझी भावजय सरू गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते. सुवर्णा सून म्हणून चांगली आहे, पण ती बिचारी किती बोलणार. शेडमध्ये असलो की बरं असतं. काम असलं की हात शांत असतात. फाल्गुनात गाडी तयार होईल, मग कवठे. दिलेला शब्द विसरलो नाही. माया आहे तशी ठेव.

तुझा,
भिमा

दौंड
दि. ८ जानेवारी २०२४

चिरंजीव सत्यजीत यास मामाचे अनेक आशीर्वाद.

हे अक्षर सुवर्णाचं आहे, शब्द माझे. पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर मुद्दाम धाडलं. घरी आलं असतं तर तुझ्या आईनं फोडलं असतं. फोनवर बोलावं तर ती समोर बसून तुझ्या तोंडावरून सगळं ओळखते, आणि मलाही बोलताना भरून येतं.

मला कंपवात झालाय. गेल्या आषाढात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. भाऊबीजेला सर्दी नव्हती. उजवा हात आधीपासून होताच, त्या आठवड्यात डावाही थरथरायला लागला, आणि ओवाळताना अक्काच्या नजरेतून ते सुटलं नसतं. आमच्या आबांना हेच होतं. शेवटची चार वर्षं अक्का महिना महिना माहेरी येऊन त्यांना भरवायची. तोंडाजवळ नेलेला घास सांडला की आबा लहान पोरासारखे रडायचे. मी दारातून बघायचो आणि निघून जायचो. आता माझी पाळी आली. मला भीती वाटते सत्यजीत, तुला खोटं कशाला सांगू. सुवर्णा पाण्याचा ग्लास अर्धाच भरून देते. मला कळतं, तिलाही कळतं.

या दुखण्याची तऱ्हा अशी, की हात कामात असला की सरळ असतो. पाना धरला, स्टिअरिंग धरलं की शांत. रिकामा ठेवला की सुरू. गोळी घेतल्यावर दोन तास चांगले जातात, पण ते दोन तासही आता आटत चाललेत. डॉक्टर म्हणाले की उन्हाळ्यानंतर गाडी चालवायची नाही, आत्तासुद्धा सोबत कुणी असल्याशिवाय नाही.

म्हणून घाई करतोय. मला अक्काला एकदा माझ्या हातानं कवठ्याला न्यायचंय. तिच्या लग्नात पाठराखा म्हणून मी त्याच गाडीत बसून मांडवगणला आलो होतो, बारा वर्षांचा. वाटेत गाडी तापली तर तुझ्या वडिलांनी बॉनेट उघडून मला इंजिन दाखवलं, नवरी तशीच उन्हात बसलेली. माझ्या हातात पाना आला तो त्या दिवसामुळं. ते गेल्यावर मी तिला शब्द दिला आणि नऊ वर्षं नुसता आज-उद्या करत राहिलो.

तू मागं बसशील का, एवढंच विचारायचंय. अक्काला यातलं अक्षर कळता कामा नये.

तुझा,
भिमामामा

मांडवगण फराटा
दि. १९ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप मामांस सत्यजीतचा साष्टांग नमस्कार.

पत्र कॅन्टीनमध्ये वाचलं. गाडीला भंगार म्हणालो होतो, त्याची आज लाज वाटते. तुम्ही काय करत होता ते मला दिसलं नाही.

मामा, आईपासून लपवणं मला पटत नाही. पण तुमचं दुखणं, ते कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवायचं. माझ्या अटी मात्र ऐकाव्या लागतील. दौंडहून गाडी सुमित आणेल. मांडवगणहून न्हावरे, शिरूर, मलठणपर्यंत मी चालवणार, तुम्ही मागं बसायचं. मलठणच्या पुढं रस्ता मोकळा असतो, तिथं गोळी घेऊन तुम्ही पुढं या. तिथून देवळापर्यंत गाडी तुमची, आणि मी मागून डोळ्यात तेल घालून बसेन. चाळीसच्या वर काटा गेला नाही पाहिजे. येताना पुन्हा मी. आईला काय कारण सांगायचं ते तुम्ही बघा, मला तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही, ती ओठ बघते.

रागावू नका. आशीर्वाद असावा.

आपला,
सत्यजीत

॥ श्री ॥

दौंड
दि. २६ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप अक्काच्या पायी शिरसाष्टांग नमस्कार.

थोडंच लिहितो. गाडी झाली. काल इंजिन चालू करून पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास बॉनेटवर ठेवला. दहा मिनिटं ठेवला. एक थेंब सांडला नाही. सुवर्णाला बोलावून दाखवलं, तर ती ग्लासाकडं बघता बघता डोळे पुसायला लागली. धूर गेला म्हणाली. नव्या इंजिनाला कसला आलाय धूर.

१२ मार्चला, मंगळवारी, सकाळी येतोय. ओटीचं सामान काढून ठेव.

भिमा

॥ श्री येमाई प्रसन्न ॥

मांडवगण फराटा
दि. १५ मार्च २०२४

चिरंजीव भिमाजी यास रतनअक्काचे पोटभर आशीर्वाद.

मंगळवारपासून मी जमिनीवर नाही. काल जावेला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, तर ती उठून भाकरी थापायला गेली. म्हणून आता तुला सांगते, तुला उठून जाता येणार नाही.

आधी भांडण. मलठणपर्यंत सत्यजीतला का चालवायला दिलीस? म्हणे भाचा कसा चालवतो ते बघायचंय. त्या सगळ्या वाटेत मी पत्र्यावर तळवा ठेवून होते आणि माझ्या हाताला काही म्हणता काही लागेना. झाडं मागं पळत होती म्हणून गाडी चालू आहे म्हणायचं, एवढंच. शिरूरला थांबलो तेव्हा तर मी सत्यजीतला विचारलं की बंद का पडली, तर तो म्हणाला की आई, चालूच हाय. मला इतकं वाईट वाटलं भिमा. म्हटलं यांची गाडी गेली. नवी आली ती चांगली आहे, पण माझ्याशी बोलत नाही. तू एवढी मेहनत केलीस म्हणून तोंडावर हसू ठेवलं.

आणि मलठणला तू येऊन बसलास. गिअर टाकून हात त्या दांड्यावरच ठेवलास. मला काय वाटलं कोण जाणे, मी तुझ्या हातावर माझा हात ठेवला, आणि सापडली रे! तीच थरथर, बारीक, न थांबणारी. खाली दांड्यात लपवून ठेवली होतीस ती. मला तू थरथर म्हणजे दुखणं म्हणून लिहिलंस आणि गुपचूप माझं ऐकलंस. कवठ्याच्या देवळापर्यंत मी हात काढला नाही. तू वळणावर स्टिअरिंगला हात नेलास की ती थांबायची, दांड्यावर आणलास की पुन्हा यायची. सत्यजीतच्या हाती मुकी होती, तू धरलीस आणि बोलायला लागली. याला म्हणतात हातगुण.

देवळापाशी तू किल्ली काढून खिशात टाकलीस, तरी ती थरथरत होती. यांची गाडीसुद्धा बंद केल्यावर अशीच घटकाभर धडधडत राहायची, मग सुस्कारा टाकून गप्प व्हायची. मी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आत्ता दार उघडून हे म्हणतील की उतर, आलं कवठे. डोळे उघडले तर तू रडत होतास. मीही रडले. आपण दोघं एकाच माणसासाठी रडलो, बरं वाटलं.

ओटी भरताना देवीला सांगितलं, की माझ्या भावाचा हात असाच राहू दे.

उत्तराची वाट बघते. आणि ते अक्षर, बाबा.

तुझी,
रतनअक्का

दौंड
दि. २४ मार्च २०२४

चिरंजीव सत्यजीत यास आशीर्वाद.

अक्काचं पत्र सुवर्णानं वाचून दाखवलं. देवीला काय मागितलं त्या ओळीला आली आणि तिला पुढं वाचवेना. उरलेलं मी वाचलं.

तिला सांगायचं नाही. मेलो तरी सांगायचं नाही. नऊ वर्षांनी तिला ती थरथर मिळाली, ती माझ्या दुखण्याची होती हे मी कुठल्या तोंडानं सांगू? पण पुढं ती तुझ्याशेजारी बसेल, पत्र्यावर हात ठेवेल आणि पत्रा मुका लागेल. म्हणून एक काम केलंय. इंजिनाखालचे मऊ रबर काढून तिथं लोखंडी पट्ट्या बसवल्या. बसवल्या म्हणजे मी खुर्चीवर बसून सांगितलं, आणि पलीकडच्या गॅरेजच्या शंकररावांनी केलं. पाना माझ्या हातातून दोनदा पडला. शंकरराव म्हणाले की आप्पा, इतकं झ्याक काम करून आता का बिघडवताय. चांगलं काम जाणून बुजून बिघडवायची माझी ही पहिलीच खेप. आता पत्रा थरथरतो, चांगला थरथरतो. ग्लास ठेवला तर अर्धा सांडतो, माझ्यासारखाच.

सुमित रविवारी गाडी आणून सोडेल. किल्ली तुझ्याकडेच ठेव, मला परत देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. तिला जपून ने-आण कर.

तुझा,
भिमामामा

॥ श्री येमाई प्रसन्न ॥

मांडवगण फराटा
दि. ३० एप्रिल २०२४

माझ्या भिमास,

पत्राला महिना लागला. आधी कळायला वेळ गेला, मग लिहायला.

गाडी आली, त्यानंतर सत्यजीतनं मला डोळे दाखवायला शिरूरला नेलं. मी पत्र्यावर हात ठेवला आणि पत्रा मळणी यंत्रासारखा हलत होता. जाताना हलला, येताना हलला. सत्यजीत माझ्या तोंडाकडं बघून हसला. म्हणाला की आई, लागली का हाताला? मी मान हलवली. गावात येऊन त्यानं किल्ली काढली आणि पत्रा तिथल्या तिथं मेला. एक क्षणसुद्धा जास्त हलला नाही.

घरी आले, जेवले, निजले. पण ते डोक्यातून जाईना. कवठ्याला पत्रा गप्प होता आणि थरथर तुझ्या हाताखाली होती. किल्ली तुझ्या खिशात होती आणि थरथर चालूच होती. मग मी उठून ट्रंक काढली आणि तुझी पत्रं तारखेनं जमिनीवर मांडली. पाच वर्षांची. भिंग नको झालं मला. लिंबाएवढं अक्षर बोराएवढं झालं, बोराचं ज्वारीएवढं, ज्वारीचं खसखशीएवढं, आणि शेवटच्या पत्रात तर नुसती रेघ. आबांची सही अशीच बारीक होत गेली होती. सोसायटीचा गटसचिव म्हणायचा की आबा, सही दिसत न्हाई, अंगठा द्या. मी ते डोळ्यांनी बघितलेलं, आणि तुला मुंग्यांची रांग म्हणून हसत बसले.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. मी तर हात हातात धरून बसले होते, बारा किलोमीटर. मी त्याला हातगुण म्हटलं. देवीपुढं उभी राहून, हा हात असाच राहू दे म्हणाले. काल पुन्हा कवठ्याला जायला निघाले होते, मागितलेलं परत घ्यायला. सत्यजीत म्हणाला की देवीला आपलं बोलणं कळतं, शब्दावर जाऊ नको. मग त्यानं सगळं सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याच्या तोंडापुढून हलले नाही.

तुझा मात्र मला राग आला आहे. दुखणं झालं म्हणून नाही. तुला वाटलं मी फक्त गाडीचीच थरथर ओळखते.

त्या लोखंडी पट्ट्या काढून रबर पुन्हा बसव, असं लिहिणार होते. मग कळलं की आता ते तुझ्या हातून व्हायचं नाही. राहू दे. सत्यजीत शंकररावांना सांगून करून घेईल. पत्रा गप्पच बरा.

शुक्रवारी सत्यजीत मला दौंडला आणतोय. पावसाळाभर राहणार आहे. सुवर्णाला सांग, तुझ्या ताटातला पहिला घास माझ्याकडे, तिनं मध्ये पडायचं नाही. आबांना भरवलं तेव्हा तू दारातून निघून जायचास. आता जागा तुझी आहे, कुठं जाणार? सांडलं तर पुसू. मला ऐकू येत नाही आणि तुला आता लिहिता येत नाही, तेव्हा शेडच्या दारात खुर्च्या टाकू आणि हातावर हात ठेवून बसू. तू काय म्हणतोस ते मला कळेल.

कान गेले तेव्हापासून दर पत्राखाली तुला उत्तर धाड म्हणून दटावत आले. या पत्राला उत्तर लिहू नकोस.

तुझी,
रतनअक्का